नेच्यांची हजेरी

नेचा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे फुलवाल्याच्या गुच्छातले, पिंजल्यासारखे बारीक हिरवे पान येते. ते पान बहुधा नेच्याचे नसतेच. ते शतावरीच्या एखाद्या भाऊबंदाचे असते. त्याला फूल येते, फळ धरते. केवळ दिसायला नाजूक म्हणून बाजाराने त्याला 'फर्न' करून टाकले आहे. खऱ्या नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. त्याच्या पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके किंवा रेघा उमटतात, त्यांत धुळीसारखी बारीक बीजुके असतात, आणि त्या धुळीवर त्याचा वंश चालतो. इतकी ढोबळ खूण असून बाजारात नाव चुकते. मग जेथे दोन नेच्यांतला फरक भिंगावाचून दिसत नाही, तेथे नाव चुकायला किती वाव असेल? आजचा आमचा विषय तोच आहे. एखादा नेचा आपल्या देशात पूर्वी कोणी नोंदलेला नव्हता, असे कोण म्हणू शकतो आणि कशाच्या बळावर?

कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. पण एक विद्या आम्हांला धंद्याने शिकवली आहे, ती म्हणजे हजेरीपटाची. दहा-दहा वर्षे पाळीत राबलेला कंत्राटी कामगार कोर्टापुढे उभा राहतो, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. हजेरीपटावर नाव नाही, पगाराची पावती नाही, तर कायद्याच्या दृष्टीने तो माणूस कारखान्यात नव्हताच. आणि नाव चुकीचे लिहिले असेल, तर भविष्य निर्वाह निधीचे पैसे भलत्याच खात्यावर जाऊन पडतात. झाडाझुडपांचीही अशीच एक हजेरी असते हे आम्हांला फार उशिरा कळले, आणि कळल्यावर तिच्यात मन गुंतले.

ही हजेरी लिहायला आपल्याकडे सुरुवात कोणी केली? डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने मलबारात तयार करवून घेतलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या शेवटच्या खंडात नेचेही आहेत. परंतु आम्हांला मोह पडतो तो पहिल्या खंडाच्या आरंभीच्या पानांचा. तेथे इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याची साक्ष त्याच्या लिपीत छापली आहे, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या तीन कोंकणी वैद्यांचे १६७५ सालचे निवेदन नागरी लिपीत छापले आहे. झाडे ओळखून देणाऱ्यांची नावे, त्यांच्याच अक्षरांत. पुढच्या अडीचशे वर्षांत साहेब लोकांनी जे ग्रंथ लिहिले, त्यांत पालखी वाहणाऱ्याचे, कड्यावर चढून रोप उतरवणाऱ्याचे, कागद वाळवणाऱ्याचे नाव शोधून पाहावे. क्वचितच सापडते.

लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली वनस्पतींना दुहेरी नावे देण्याची जी पद्धत पक्की केली, तेथून शास्त्रीय नावांची कालगणना धरतात. त्याने या मलबारी ग्रंथाचाही आधार घेतला होता. नेच्यांपुरते बोलायचे तर आपल्याकडचा मोठा माणूस म्हणजे कर्नल बेडोम. मद्रास इलाख्याच्या वनखात्यातला हा लष्करी अधिकारी. त्याची नेच्यांवरची हस्तपुस्तिका १८८३ साली आली आणि पुरवणी १८९२ साली. आमच्या भागाला जवळचा ग्रंथ म्हणजे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी डि'आल्मेडा यांचा 'द फर्न्स ऑफ बॉम्बे'. तो १९२२ साली प्रसिद्ध झाला. त्या कॉलेजातला वनस्पतिसंग्रह आजही ब्लॅटर यांच्या नावाने ओळखला जातो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बेडोमच्या पुस्तकाच्या नावात ब्रिटिश हिंदुस्थानाबरोबर सिलोन आणि मलाया द्वीपकल्पही आहेत. ब्लॅटर यांचे 'बॉम्बे' म्हणजे मुंबई शहर नव्हे, मुंबई इलाखा. त्यात कारवारकडचे दाट जंगलही आले. त्यानंतर सरहद्दी बदलल्या, राज्ये बदलली. नेचा होता तेथेच राहिला, आणि त्याच्या डोक्यावरची पाटी मात्र बदलली. म्हणून 'हा नेचा जुन्या ग्रंथात आहे, तेव्हा तो भारतात आहे' असे म्हणता येत नाही. तो कोणत्या डोंगरावरून, कोणत्या साली आणला होता, तो मूळ नमुना कोठे आहे, हे पाहावे लागते. उलट, 'ग्रंथात नाही म्हणून नवा' असेही म्हणता येत नाही. कारण तो दुसऱ्याच नावाखाली तेथे झोपलेला असू शकतो. आर. डी. दीक्षित यांनी १९८४ साली भारतातील नेचेवर्गीय वनस्पतींची शिरगणती प्रसिद्ध केली. अगदी अलीकडे फ्रेझर-जेन्किन्स यांनी भारतीय सहकाऱ्यांसह टीपांसकट यादी काढली. तिचे भाग २०१६ नंतरच्या वर्षांत क्रमाने आले. हजाराहून अधिक जातींचा हा पट आहे. त्यातले एकेक नाव खोडणे किंवा चढवणे म्हणजे कागदपत्रांचा एकेक खटला चालवणे आहे.

('जात' हा शब्द येथे शास्त्राच्या अर्थाने घ्यावा. माणसांच्या बाबतीत तो रकाना आम्ही युनियनच्या सभासद-अर्जावरून केव्हाच काढून टाकला आहे.)

'नवा' या शब्दाचेही थर आहेत, आणि वर्तमानपत्रांत त्यांची नेहमी गल्लत होते. एक नेचा सगळ्या जगालाच नवा, म्हणजे त्याला पूर्वी कोणी नावच दिलेले नाही. दुसरा जगाला ठाऊक असतो, ब्रह्मदेशात किंवा आफ्रिकेत त्याची नोंद असते, आणि आता तो प्रथमच आपल्या हद्दीत सापडतो. तिसरा देशात असतो पण राज्याला नवा असतो. आणि चौथा म्हणजे बाहेरून माणसाबरोबर आलेला, बागेतून किंवा हौदातून निसटलेला. या चारांना लागणारा पुरावा सारखा नाही. पहिल्याला सर्वांत कडक. पण चौथ्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते, आणि त्याची किंमत केवढी पडते ते पुढे सांगू.

प्रत्यक्ष ओळख कशी पटवतात, याचे उदाहरण आमच्या खाडीवरचेच घेऊ. कोलशेतच्या पलीकडून उल्हास नदीचे खारे पाणी जाते. अशा खाड्यांत तिवरांच्या संगतीने वाढणारा एक दांडगा नेचा कोकण किनाऱ्यावर आढळतो. त्याचे नाव ॲक्रोस्टिकम ऑरियम. पाने पुरुषभर, कधी त्याहूनही उंच, चामड्यासारखी जाड. त्याच्या वरच्या दलांची पाठ अखंड गंजाच्या रंगाची होते. सुटे ठिपके नसतात, सगळी पाठच बीजुककोशांनी भरून जाते. याचा एक भाऊ आहे, ॲक्रोस्टिकम स्पेसिओसम. तो पूर्वेकडच्या सुंदरबनात आणि अंदमानात नोंदलेला आहे. आता समजा, आपल्यापैकी एखाद्याला खाडीत टोकदार दलांचा नेचा दिसला आणि तो म्हणाला, 'हा पूर्वेचा नेचा पश्चिमेला आला!' तर त्याने काय करावे?

पहिल्याने त्याने पोटरीएवढ्या चिखलात उतरावे आणि एका पानावर न थांबता दहा रोपे पाहावीत. ऑरियमच्या दलाचे टोक बोथट असते, त्यावर बारीकशी नखी. स्पेसिओसमचे निमुळते होत जाते. पण कोवळे पान, सावलीतले पान, ओहोटीच्या उन्हात करपलेले पान यांची टोके फसवतात. म्हणून पूर्ण वाढलेले, बीजुके धरलेले पान हवे. मग जमिनीलगतच्या खोडावरचे खवले भिंगाखाली पाहायचे. त्यांचा रंग, काठ आणि पेशींची जाळी. मग शिरा कशा जुळतात ते. शेवटी बीजुके. ही सगळी लक्षणे जुन्या वर्णनाशी ताडायची, आणि वर्णनावर न विसंबता संग्रहातल्या प्रत्यक्ष नमुन्याशी ताडायची. एवढे केल्यावर दहापैकी नऊ वेळा उत्तर निघते: हा आपलाच ऑरियम, जरा उपाशी राहिलेला. त्या नऊ वेळांना कंटाळणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

साध्या डोळ्यांनी पाहिलेले आणि फोटोत पकडलेले हे दोन्ही उपयोगी आहेत. मोबाईलमुळे आता खेड्यातला मुलगाही दुर्मिळ नेचा टिपू शकतो, हे चांगलेच झाले. पण देशाच्या यादीत नाव चढवायचे तर वाळवलेला नमुना लागतो. पाऊणएक हात लांबीच्या जाड कागदावर तो शिवतात किंवा चिकटवतात. त्यात मुळाशी असलेले खोड हवे, खवले हवेत, बीजुकांचे पान हवे. पावसाळ्यात वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबलेले नमुने रोज नव्या कागदात बदलावे लागतात. एक दिवस चुकला की बुरशी. ताजे पान रात्रभर पांढऱ्या कागदावर झाकून ठेवले तर सकाळी बीजुकांची नक्षी जशीच्या तशी उमटलेली दिसते. ती पूड वेगळ्या पुडीत घालून जोडायची. आणि चिठ्ठी! कोठे, कधी, कोणत्या उंचीवर, दगडावर की झाडावर, उन्हात की ओलीत, कोणी गोळा केले. चिठ्ठीविना नमुना म्हणजे तारखेविना पगाराची पावती. संरक्षित जंगलातून पान तोडायचे तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, हेही सांगून ठेवतो, नाहीतर उत्साहात कोणी येऊरच्या डोंगरातून टोपली भरून आणील.

जाता जाता आमच्या धंद्याचे एक बोलून घेतो. किडीपासून राखण्यासाठी वाळलेल्या नमुन्यांना पाऱ्याचा विषारी क्षार लावण्याची पद्धत आपल्याकडच्या संग्रहांत फार काळ चालत आली. शास्त्रज्ञाचे नाव पानावर राहते. त्या द्रावणात वर्षानुवर्षे बोटे बुडवणारा मदतनीस वेगळाच असतो. जुने कागद हाताळताना हातमोजे घालावेत, हा नियम सर्वांना लागू आहे, झाडूवाल्यालाही.

आता नेच्यांची ओळख इतर वनस्पतींपेक्षा अवघड का, हे पाहू. बीजूक जमिनीवर पडले की त्यातून लगेच नेचा उगवत नाही. आधी नखाएवढे, हिरवे, बदामाच्या आकाराचे पातळ पापुद्र्यासारखे रूप तयार होते. त्याच्यावर नर आणि मादी अवयव येतात, पाण्याच्या थेंबातून त्यांचे मीलन होते, आणि मग खरा नेचा वर येतो. हा लपलेला संसार १८४८ मध्ये लेश्चिक-सुमिन्स्की याने उकलला आणि १८५१ मध्ये होफमाइस्टरने त्याची संगती लावली. त्या इवल्या पापुद्र्यावर शेजारच्या दुसऱ्या जातीचा संबंध आला की संकर होतो. संकरात रंगसूत्रे दुप्पट झाली की तो संकर स्वतःच वंश चालवू लागतो. काही नेचे मीलनाशिवायच पुढची पिढी काढतात आणि किरकोळ फरक जसाच्या तसा पुढे नेतात. त्यामुळे पानाकडे पाहून बापाचे नाव सांगणे धोक्याचे. माणसाच्या पेशीत ४६ रंगसूत्रे. ओफिओग्लॉसम रेटिक्युलाटम या बोटभर नेच्यात, अब्राहम व निनान यांनी १९५४ साली त्रावणकोरातल्या रोपांवर केलेल्या अभ्यासाप्रमाणे, १२६०. एवढा मोठा आकडा सजीवांत अन्यत्र कोठे मिळणे कठीण. अशा ठिकाणी भिंगाच्या पुढे जाऊन रंगसूत्रे मोजावी लागतात आणि आता डीएनएही वाचावे लागते.

शिवाय बीजुके वाऱ्यावर शेकडो कोस जातात. सह्याद्रीच्या एखाद्या नेच्याचे सगेसोयरे सिलोनात असतात, हिमालयात असतात, कधी आफ्रिकेतही. म्हणून आपल्या घाटात सापडलेला अनोळखी नेचा जगाला नवा असण्यापेक्षा दूरच्या एखाद्या देशात फार पूर्वीच नाव मिळालेला असण्याचा संभव अधिक. फ्रेझर-जेन्किन्स यांनी १९९७ साली नेपाळच्या नेच्यांवर लिहिताना आपल्याकडच्या या घाईला 'नव्या जातींचा रोग' अशा अर्थाचे नाव ग्रंथाच्या मथळ्यातच दिले. शेजारच्या देशांतले नमुने न पाहता नव्या जातींची नावे छापायची, हा त्यांचा आक्षेप. भाषा कडक आहे, काहींना ती झोंबली, आणि त्यांचा प्रत्येक निकाल सर्वांना मान्य आहे असेही नाही. पण मूळ तक्रार आम्हांला पटते. सभासदसंख्या फुगवून दाखवणारी युनियन आणि जातींची संख्या फुगवणारा निबंध, दोघांनाही एक दिवस पडताळणीला सामोरे जावे लागते.

तथापि घाईच्या भीतीने कोणी नाव घ्यायचेच सोडू नये, कारण खरे शोधही याच मातीत लागले आहेत. त्र्यंबक शंकर महाबळे, जे पुढे पुणे विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांनी १९३८ साली आयसोएटिस या वंशातल्या एका जातीला सह्याद्रीचे नाव दिले. आयसोएटिस नेच्यांचा दूरचा नातलग. पावसात डबक्याकाठी कांद्याच्या पातीसारखा उगवतो आणि गवत समजून गुरे त्यावरून चालतात. याच वंशातली आयसोएटिस डिक्सिटाय ही जात शेंडे यांनी १९४५ साली पाचगणीच्या पठारावरून वर्णिली. ज्या टेबललँडवर आपण घोड्यावर बसून फोटो काढतो, तेच पठार.

आणि अलीकडचे उदाहरण सरहद्दीवरच्या डांगांतले. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या आहवा भागातल्या जंगलात मितेश पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ओफिओग्लॉसम वंशातला एक नेचा मिळाला, उंची जेमतेम एक सेंटिमीटर. २०१८ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, ओफिओग्लॉसम मालवी या नावाने, आणि तो जमिनीवर वाढणाऱ्या नेचेवर्गीय वनस्पतींत जगातला सर्वांत लहान असल्याचे म्हटले. नुसता लहान म्हणून नवा, असे त्यांनी म्हटले नाही. लहान तर कुपोषित रोपही असते. बीजुकांवरची नक्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, डीएनएची तुलना केली, मग नाव दिले. पुढचे तज्ज्ञ ते पुन्हा तपासतील. तपासायलाच हवे, आणि नमुना संग्रहात असल्यामुळेच ते तपासता येईल.

येथे आमच्यासारख्यांना दिलासा देणारी एक गोष्ट. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्ये दिले नाही तर ते नाव नियमाप्रमाणे ग्राह्यच धरले जात नसे. मेलबर्नच्या परिषदेत हा नियम सैल झाला आणि २०१२ पासून इंग्रजी वर्णनही चालू लागले. इंग्रजीही आमच्या गल्लीत सर्वांना येते असे नव्हे. पण निदान मेलेल्या भाषेचा पहारा उठला.

आता चौथ्या प्रकाराकडे, बाहेरून आलेल्या नेच्याकडे, वळू. साल्व्हिनिया नावाचा एक नेचा पाण्यावर तरंगतो. आपल्या उल्हास नदीत माजते ती जलपर्णी वेगळी. ती फुलझाड आहे. साल्व्हिनियाच्या प्रत्येक पेरावर दोन पाने वर तरंगतात आणि तिसरे मुळांसारखे चिरफाळून पाण्यात लोंबते. वरच्या पानांवर केस असतात. ते केस टोकाशी जुळून ताकाच्या रवीसारखे दिसतात आणि पाणी अंगाला लागू देत नाहीत. शोभेसाठी आणि अभ्यासासाठी हा नेचा देशोदेशी नेला गेला. १९३९ साली तो श्रीलंकेत पोचला. पुढे केरळच्या खाजणांत आणि कुट्टनाडच्या भातखाचरांत तो असा माजला की होड्या अडल्या आणि रोप लावण्याआधी खाचरे उपसून काढण्याची मजुरी शेतकऱ्याच्या माथी बसली. तेथील लोक त्याला 'आफ्रिकन पायल' म्हणतात. झांबेझी नदीवरचे करिबा धरण १९५८ च्या अखेरीस अडवले गेले आणि १९५९ पासून त्या प्रचंड जलाशयावर हाच नेचा पसरू लागला. न्यू गिनीत सेपिक नदीवर त्याच्यामुळे डोंग्यांवर जगणाऱ्या लोकांना गावे सोडावी लागली. मासा नाही, बाजार नाही, दवाखाना नाही, कारण वाटच बंद.

याला उपाय म्हणजे त्याच्या मूळ देशातला त्याचा शत्रू आणून सोडणे. पण मूळ देश कोणता? वनस्पतितज्ज्ञांनी त्याला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा म्हणून ओळखले होते. ही दक्षिण अमेरिकेतली जात ऑब्ले याने १७७५ साली वर्णिलेली. तेव्हा शोध त्या जातीच्या प्रदेशात झाला. त्रिनिदादमधून एक सोंडेकिडा आणून आफ्रिकेत आणि फिजीत सोडला. त्याने काही केले नाही. दोष किड्याला देण्यात आला.

१९७२ साली मिचेल याने करिबातल्या नेच्याचे बीजुककोशांचे लांब घोस नीट पाहिले आणि सांगितले की हा ऑरिक्युलाटा नव्हेच. त्याने नवे नाव दिले, साल्व्हिनिया मोलेस्टा, म्हणजे छळवादी. हा नेचा वांझ आहे, बीजुके धरत नाही, नुसता तुटून तुटून वाढतो. बहुधा जुन्या संकरातून निपजलेला. नाव सुटे झाल्यावर त्याचे घर शोधणे अर्थपूर्ण झाले. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांना ते १९७८ साली आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले. 'आफ्रिकन पायल' आफ्रिकेचा नव्हताच. तेथे त्याच्यावर पोसणारा सोंडेकिडा मिळाला. तो दिसायला इतका जुन्यासारखा की त्यालाही आधी जुन्याच नावाने ओळखले. १९८५ साली काल्डर आणि सँड्स यांनी तोही वेगळी जात असल्याचे दाखवले. १९८० च्या जूनमध्ये हा किडा क्वीन्सलंडच्या मूनडारा तलावात सोडला होता. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत हजारो टन नेचा कुजून बुडाला. सेपिक मोकळी झाली. १९८३-८४ च्या सुमारास तोच किडा बंगळूरला आणि केरळात सोडला गेला आणि तेथेही पाणी दिसू लागले. या कामाला १९८५ साली युनेस्कोचे विज्ञान पारितोषिक मिळाले.

एका नेच्याच्या नावातली चूक दुरुस्त होईपर्यंत किती हंगाम वाया गेले, ते सेपिकच्या आणि कुट्टनाडच्या माणसांनी भोगले. 'नाव काय लावले त्याने काय फरक पडतो' असे कोणी म्हणाले की आम्ही ही हकीकत सांगतो.

शेवटी आमच्या कोलशेतचे. या रस्त्यावर एके काळी रसायनांचे आणि रंगांचे मोठे कारखाने होते. आता त्यांच्या जमिनींवर उंच इमारती आहेत. त्या जमिनींवर पाऊणशे वर्षांपूर्वी काय उगवत होते, हे सांगू शकेल असा चिठ्ठी लावलेला कागद आम्हांला अद्याप पाहायला मिळालेला नाही. जे उरले ते कुंपणाच्या भिंतींवर. पावसाळ्यात तेथे हंसराज हमखास उगवतो, काळ्या चकचकीत देठाचा, आणि त्याच्या पानाचे टोक जमिनीला लागले की तेथून नवे रोप फुटते. त्याच्याबरोबर चुन्याच्या सांध्यांतून टेरिस विट्टाटा हा लांब दलांचा नेचा निघतो. दलाचा काठ मागे दुमडून त्याखाली बीजुकांची रेघ असते. २००१ साली फ्लॉरिडातल्या लेना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हा नेचा मातीतला आर्सेनिक, म्हणजे सोमल, मुळावाटे ओढून पानांत साठवतो. लाकूड टिकवण्याच्या औषधांनी नासलेल्या एका जमिनीवर तो टवटवीत वाढताना त्यांना दिसला होता. तेव्हापासून आम्हांला काही मित्र विचारतात, की मग कारखान्यांच्या जमिनींवर हाच नेचा लावून टाकू या का. लावता येईल. पण विषाने भरलेली पाने कापायची कोणी, आणि टाकायची कोठे, हे आधी ठरले पाहिजे. नाहीतर जमिनीतला सोमल कंत्राटी माळ्याच्या हातात आला एवढाच फरक.

याच भिंतीवर गेल्या पावसाळ्यात आमच्या एका तरुण सभासदाने तिसरा एक नेचा दाखवला. त्याची दले आमच्याजवळच्या कोणत्याच वर्णनाशी जुळेनात. आम्ही नमुना वाळवला, चिठ्ठीवर त्या मुलाचे नाव संग्राहक म्हणून लिहिले आणि पुण्याला एका जाणत्या अभ्यासकाकडे पाठवला. तो बहुधा एखादा सर्वसाधारण नेचाच निघेल, कोवळा असताना भलताच दिसणारा. उत्तर आले ते असे: रोप लहान आहे, पाठीवर पुंज नाहीत, पुंज धरलेले पान पाठवा. ते पान भाद्रपदाच्या सुमारास येईल. आतल्या जागेवर पाया खणायला सुरुवात झाली आहे. तोवर भिंतीचा तेवढा तुकडा राहू द्यावा, असे आम्ही मुकादमाला सांगून आलो. बघतो म्हणाला.